स्वस्तातली रणभूमी: पुठ्ठा, थर्माकोल आणि मूठभर वाळू

१८३० साली विल्यम सायबॉर्न या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करायला घेतली. रणांगणाचा चढउतार नेमका यावा म्हणून तो तिथल्या ला ए सँत या शेतवाडीवर आठ महिने मुक्काम ठोकून राहिला आणि बांध, रस्ते, उतार मोजत राहिला. १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये लोकांनी ती प्रतिकृती पाहिली, तेव्हा तिच्यावर सत्तर-ऐंशी हजार इवलेसे धातूचे सैनिक उभे होते. खर्च तीन हजार पौंडांच्या घरात गेला होता. सायबॉर्नला तो अखेरपर्यंत भरून काढता आला नाही.

पाऊणशे वर्षांनी, १९१३ मध्ये, एच. जी. वेल्सचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक आले. घरातल्या जमिनीवर खेळण्यातले सैनिक मांडून लढाई कशी खेळावी, याचे ते पुस्तक. वेल्सचे पहिले रणांगण गालिच्यावर ज्ञानकोशाचे जाडजूड खंड मांडून तयार झाले होते. पुढे खंडांच्या जागी लाकडी ठोकळे आले, फळ्यांचे डोंगर झाले आणि फळ्यांना भोके पाडून त्यांत बागेतल्या डहाळ्या खोचल्या की जंगल झाले.

सायबॉर्नची प्रतिकृती आज लंडनच्या राष्ट्रीय लष्कर संग्रहालयात आहे. वेल्सची रीत मात्र जगभरच्या घरांत पोचली. आज या खेळांना मिनिएचर वॉरगेम म्हणतात. सैनिक दोन-तीन सेंटिमीटर उंचीचे, मैदान म्हणजे जेवणाचे टेबल आणि चाल मोजायला इंचांची टेप. टेबलावरचे डोंगर, झाडी, भिंती, पडकी घरे, नद्या आणि पूल या सगळ्याला मिळून खेळाडू ‘टेरेन’ म्हणतात. तयार टेरेन महाग असते. परदेशातून आलेल्या एका पडक्या इमारतीच्या प्लॅस्टिक संचाला हजारो रुपये पडतात आणि एक टेबल भरायला असे पाच-सहा संच लागतात.

म्हणून प्रश्न असा: हे सगळे घरी, थोडक्या पैशांत करता येते का? आणि केले तर खेळात काय उणे पडते? त्याचे उत्तर शोधताना आजवरचा अनुभव, साहित्याचे गुणदोष आणि आपल्याकडची परिस्थिती अशा तिन्ही बाजू पाहायला हव्यात. माझे मत आधीच सांगून टाकतो. टेरेनची किंमत वाढते ती त्याच्या दिसण्यामुळे. त्याचे काम मात्र तीनच गोष्टींवर चालते. नजर अडली, पाऊल मंदावले आणि सैनिक जागेवर नीट उभा राहिला, की डोंगराचे काम झाले. हे काम ज्याला उमगते त्याला पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हेही उमगते.

दोनशे वर्षांचा अनुभव

प्रशियातला मुलकी अधिकारी गेऑर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ हा सुरुवातीला वाळूच्या पेटीत लढाईचा खेळ मांडत असे. ओली वाळू हाताने दाबली की टेकडी, बोट ओढले की नदी. राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याच्या कानावर या खेळाची कीर्ती गेली आणि त्याने तो पाहायची इच्छा दर्शवली. राजापुढे वाळूची पेटी न्यायची कशी, म्हणून राइसविट्झने एक भलेमोठे टेबल बनवून घेतले. त्यावर मांडायला प्लॅस्टरच्या चौकोनी फरशा होत्या. फरशांवर डोंगर, रस्ते, गावे उठावात केलेली होती. फरशा हव्या तशा जुळवल्या की दरवेळी नवा प्रदेश तयार व्हायचा. १८१२ मध्ये हे टेबल राजाला मिळाले. ते देखणे होते, पण एकच होते. १८२४ मध्ये राइसविट्झच्या मुलाने, जो तोफखान्यात लेफ्टनंट होता, तोच खेळ १:८००० प्रमाणाच्या कागदी नकाशावर आणला. खेळ प्रशियाच्या सैन्यात पसरला तो या कागदी रूपात.

वेल्सच्या पुस्तकात टेरेनबद्दलचे एक शहाणपण आहे, ते आजही लागू पडते. घरे पोकळ करू नयेत, भरीव ठोकळ्यांची करावीत, असे त्याने सांगितले. कारण पोकळ घरात सैनिक ठेवले की कोण आत, कोण बाहेर, कोणाला कोण दिसते याचा घोळ होतो. म्हणजे घर कसे दिसते याच्याआधी ते खेळात कसे वागते, याचा विचार त्याने केला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हा छंद रुजला. १९५९ पासून एअरफिक्स कंपनीचे प्लॅस्टिकचे चिमुकले सैनिक स्वस्तात मिळू लागले. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ आले आणि नवी पिढी खेळू लागली. घराच्या छताला चिकटवायच्या पॉलिस्टायरिनच्या टाइल एकावर एक रचून ही मंडळी टेकड्या करत. गवत आणि झाडे यांचे साहित्य त्यांनी आगगाडीच्या प्रतिकृती करणाऱ्यांकडून उचलले. त्या छंदासाठी घरे आणि निसर्ग बनवणारे जर्मनीतल्या फालरसारखे कारखाने तोवर उभे राहिले होते.

१९८३ मध्ये गेम्स वर्कशॉपचा ‘वॉरहॅमर’ आला आणि १९८७ मध्ये त्याचे अंतराळयुगातले भावंड ‘वॉरहॅमर ४०,०००’. त्या काळात याच कंपनीच्या ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा बनवावा, याचा लेख छापून आला होता. जुने खेळाडू अजून त्याची आठवण काढतात. पुढे कंपनीचे स्वतःचे प्लॅस्टिक टेरेन आले, तसे घरगुती टेरेनचे धडे मासिकांतून कमी झाले. गेल्या दहा-पंधरा वर्षांत व्हिडिओंनी ती जागा भरून काढली. ‘ब्लॅक मॅजिक क्राफ्ट’सारख्या वाहिन्यांनी फोम, चिकटद्रव्य आणि काळा रंग एवढ्यावर अंधारकोठड्यांपासून शहरांपर्यंत सारे उभे करून दाखवले.

महागडे काम राजाच्या महालात किंवा संग्रहालयात गेले आणि सामान्य खेळाडूंच्या हाती पडला तो स्वस्तातला प्रकार. म्हणून स्वस्त टेरेन ही गरिबीची तडजोड मानणे चूक आहे. हा छंद वाढला तोच त्याच्या आधाराने.

टेरेन खेळात काय करते

मोकळ्या टेबलावर दोन फौजा समोरासमोर उभ्या केल्या, तर ज्याची बंदूक लांब पल्ल्याची आणि ज्याची पाळी पहिली तो जिंकतो. टेरेन हे बदलते. भिंतीआड नजर पोचत नाही, झाडीतून चाल मंदावते, कुंपणामागे आडोसा मिळतो, उंचावरून दूरवर दिसते. बहुतेक खेळांचे नियम याच चार गोष्टींभोवती फिरतात.

किती टेरेन हवे, यासाठी खेळाडूंचा एक ठोकताळा आहे: टेबलाचा साधारण पाव भाग झाकला जावा. सहा फूट बाय चार फुटांच्या नेहमीच्या टेबलाचे क्षेत्रफळ २४ चौरस फूट, म्हणजे टेरेन सहा चौरस फूट. या हिशेबाने काम आवाक्यातले वाटू लागते. दोन मोठ्या टेकड्या, तीन-चार पडकी घरे, दोन झाडांचे पुंजके आणि काही भिंती झाल्या, की टेबल भरले.

सगळे टेरेन सारखे मोलाचे नसते. नव्या माणसाचा पहिला उत्साह झाडे, पिंपे, विहिरी यांवर खर्च होतो. ही सजावट छान दिसते, पण खेळ फारसा बदलत नाही. खेळ बदलतो तो टेबलाच्या मधोमध उभ्या असलेल्या, सैनिकाहून उंच आणि आरपार न दिसणाऱ्या वस्तूने. अशा तीन-चार वस्तू आधी करा, बाकीचे नंतर. दोन पुठ्ठ्याच्या भिंती काटकोनात चिकटवल्या तरी अशी वस्तू तयार होते.

मापे ठरवताना सैनिकाची बैठक हाताशी ठेवावी. आज सर्वाधिक चालतात त्या २८ मिलिमीटरच्या मूर्ती. त्यांचे प्रमाण ढोबळमानाने १:५६ ते १:६४ पडते आणि त्या २५ किंवा ३२ मिलिमीटरच्या गोल बैठकीवर उभ्या असतात. म्हणून दरवाजा चार सेंटिमीटर उंच आणि तीन सेंटिमीटरहून थोडा रुंद असावा. पायरी किंवा कडेची वाट तीन-साडेतीन सेंटिमीटरांची हवी, नाहीतर मूर्ती घसरून पडते आणि तिचा रंग उडतो. दोन मजल्यांत तीन इंच अंतर ठेवले तर हात आत जातो.

जमिनीचे प्रमाण मात्र मूर्तीच्या प्रमाणाशी कधीच जुळत नाही. टेबलावर बंदुकीचा पल्ला २४ इंच धरला, तर १:५६ प्रमाणाने तो खऱ्या जगातले ३४ मीटर होतो. म्हणजे टेबलावरचे घर हे एका घराचे नव्हे, तर वस्तीचे प्रतीक असते आणि टेकडी ही आख्ख्या डोंगराचे. हे एकदा मान्य केले की प्रत्येक कौल आणि प्रत्येक वीट मोजत बसण्याची गरज उरत नाही.

साहित्य: कोणते कशासाठी

पुठ्ठा सर्वांत स्वस्त. कुरियरच्या खोक्यांचा नालीदार पुठ्ठा भिंती आणि टेकड्यांना चालतो, बिस्किटांच्या किंवा औषधांच्या खोक्यांचा पातळ पुठ्ठा कौले, फळ्या, दारे यांना. नालीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला, तर खालची नाळी पत्र्याच्या छपरासारखी दिसते. पुठ्ठ्याचा दोष एकच: पाण्याने तो वाकतो. एका बाजूला पातळ चिकटद्रव्य किंवा रंग लावला की वाळताना तो त्या बाजूला ओढला जातो. उपाय दोन. दोन्ही बाजूंना सारखाच हात द्यावा, किंवा दोन थर एकमेकांवर चिकटवताना नाळ्या आडव्या-उभ्या ठेवाव्यात.

थर्माकोल आपल्या ओळखीचा. पॉलिस्टायरिनचे मणी वाफेने फुगवून एकमेकांना चिकटवलेले असतात आणि त्यात बहुतेक सारी हवाच असते. त्यामुळे तो हलका आणि जाड मिळतो, पण कापताना मणी सुटतात आणि कडा खडबडीत राहते. मोठ्या टेकडीच्या पोटात भर म्हणून तो उत्तम. दर्शनी भागावर त्याला कागदाचे अस्तर लागते. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे फेव्हिकॉलच्या पातळ पाण्यात भिजवून दोन थर चढवले, की पृष्ठभाग टणक होतो.

त्याचेच सख्खे भावंड म्हणजे एक्सपीएस फोम. यात मणी नसतात. वितळलेले पॉलिस्टायरिन साच्यातून दाबून सलग काढतात, त्यामुळे पोत बारीक आणि घट्ट होतो. निळ्या किंवा गुलाबी पाट्यांच्या रूपात छपरांच्या उष्णतारोधनासाठी तो विकला जातो. आजच्या घरगुती टेरेनचा खरा कणा हाच फोम आहे. बोथट पेन्सिलीने त्यावर विटा आणि फरशा कोरता येतात. ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा त्यावर फिरवला की दगडाचा खरखरीत पोत क्षणात उमटतो. पाटी विकत घेतली तर महाग पडते. इमारतीचे काम चालू असेल तिथे विचारले, तर उरलेले तुकडे फुकटही मिळू शकतात.

फोमच्या बाबतीत दोन चुका हमखास होतात. पहिली स्प्रे रंगाची. डबीतल्या स्प्रे रंगातले द्रावक पॉलिस्टायरिन विरघळवतात आणि तासाभराची मेहनत डोळ्यांदेखत खड्ड्यांत जाते. आधी फेव्हिकॉल आणि काळा ॲक्रिलिक रंग यांचे मिश्रण सगळीकडे फासावे, पूर्ण वाळू द्यावे आणि पुढचे रंगकामही ब्रशनेच करावे. हे मिश्रण फोमला कवच देते आणि काळ्या रंगाचा पहिला हातही त्यातच होऊन जातो. दुसरी चूक चिकटवण्याची. फोमचे दोन मोठे तुकडे फेव्हिकॉलने जोडले तर मधल्या भागाला हवा लागत नाही आणि तो कित्येक दिवस ओलाच राहतो. तुकड्यांत टाचण्या किंवा दातकोरणी खुपसून दोन दिवस वजनाखाली ठेवावे.

कापायला पाती मोडून नवी धार काढता येणारा कटर पुरेसा आहे, मात्र पाते नवे हवे. बोथट पाते फोम कापत नाही, फाडते. तापल्या तारेचा कटर स्वच्छ कापतो. गणपतीची मखरे करणाऱ्या कारागिरांनी तो वर्षानुवर्षे वापरला आहे. पण तापलेल्या फोमचा धूर घातक असतो, तेव्हा खिडकी उघडी आणि पंखा सुरू असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

माती, गवत, रंग

आकार साधा असला तरी पृष्ठभाग चांगला असेल तर टेरेन खरे वाटते. चाळलेली वाळू हा त्यासाठीचा पहिला उपाय. फेव्हिकॉल पसरून वाळू टाकावी, वाळली की उरलेली झटकावी आणि वरून पाणी मिसळलेल्या पातळ फेव्हिकॉलचा आणखी एक हात द्यावा. या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकला तर ते वाळूत नीट झिरपते. दुसरा हात टाळला तर प्रत्येक डावानंतर टेबलावर वाळू सांडलेली दिसेल.

गवतासाठी सुताराकडचा भुसा रंगवून वाळवतात. आगगाडीच्या प्रतिकृती करणाऱ्यांची ही जुनी रीत आहे. जुना स्पंज रंगात भिजवून, वाळवून बारीक केला की झुडपे होतात. त्यासाठीचे मिक्सरचे भांडे स्वयंपाकाला पुन्हा वापरू नये. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी भिंतीवरच्या वेलीसारखी दिसते. चहाचा चोथा जंगलातल्या पालापाचोळ्याचे काम करतो, फक्त उन्हात तो कडकडीत वाळलेला हवा. ब्रिटनमधले खेळाडू काथ्याचे पायपुसणे कापून उभ्या पिकाचे शेत करतात. आपल्याकडे काथ्या तर कोकणात घरोघरी आहे. झाडांची खोडे बाइंडिंगच्या तारेला पीळ देऊन होतात आणि झाडाच्या बैठकीला जुनी सीडी चालते.

रंगकामाचे तत्त्व सोपे आहे. आधी गडद रंग सगळीकडे, मग मधला, मग ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंगाचा हलका हात. कोरडा ब्रश फक्त उंचवट्यांना स्पर्श करतो आणि खाचांत गडद रंग राहतो, म्हणून खोली दिसते. मूर्तींसाठीच्या महागड्या छोट्या बाटल्या टेरेनवर खर्च करू नयेत. भिंतीच्या इमल्शनचा छोटा डबा आणि रंगांच्या दुकानात मिळणाऱ्या स्टेनरच्या बाटल्या यांत कित्येक टेबले रंगवून होतात.

रंग कोणता, हा प्रश्न पैशांचा नाही, पाहण्याचा आहे. तयार गवत बहुधा इंग्लंडच्या हिरव्या कुरणासारखे असते. सह्याद्री तसा हिरवा असतो तो पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे. एरवी सुके पिवळे गवत, काळा कातळ आणि कोकणात उतरलात तर तांबडी जांभ्याची माती. आपल्या डोळ्यांनी पाहिलेला रंग टेबलावर आला तर पुठ्ठ्याची टेकडीही ओळखीची वाटते.

सह्याद्रीची पायरी आणि दिवाळीचा किल्ला

स्वस्त टेकडी करण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे एकावर एक थर. खालचा मोठा, वरचा लहान, त्यावरचा आणखी लहान. मूर्ती प्रत्येक थरावर सपाट उभी राहते, म्हणून खेळाला ही रीत सोयीची. युरोपातले खेळाडू तिच्यावर नाराज असतात, कारण त्यांच्याकडचे डोंगर असे पायऱ्यांचे नसतात. केकसारखी टेकडी म्हणून ते तिला नावे ठेवतात.

आपल्या डोंगरांची गोष्ट वेगळी आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार झाले. कठीण थरांचे उभे कडे उरले, त्यांच्यामधल्या मऊ थरांच्या उतरत्या पट्ट्या झाल्या. म्हणून सह्याद्रीचा डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. या खडकांच्या ‘डेक्कन ट्रॅप’ नावातला ‘ट्रॅप’ हा शब्द मुळात पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. डोंगरभटके ज्याला कडा, पदर, माची म्हणतात ती याच पायऱ्यांची नावे. तेव्हा जी रीत इंग्लंडच्या टेबलावर तडजोड ठरते, ती रायगड किंवा राजगड करताना निसर्गाला धरून ठरते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. त्या रेषा मोठ्या करून प्रत्येक रेषेला पुठ्ठ्याचा एक थर कापला, तर खऱ्या किल्ल्याचा खरा आकार हाती येतो.

हे काम मराठी घरांना नवे नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुले दगड-विटा रचतात, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकतात, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवतात, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवराय आणि खाली मावळे, विहीर, वाघाची गुहा मांडतात. विकतचे काही नाही, आकार मात्र नेमका असावा ही धडपड असते. टेरेन म्हणजे हेच कसब आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. या किल्ल्यांची लढाई टेबलावर खेळायची असेल तर तयार संचांची वाट पाहण्यात अर्थ नाही. ते आपल्यालाच करावे लागतील.

दिवाळीचा किल्ला आणि टेबलावरचे टेरेन यांत तीन फरक आहेत, ते मात्र लक्षात ठेवायला हवेत. अंगणातला किल्ला समोरून पाहायचा असतो, टेबल चारी बाजूंनी. किल्ला काही दिवसांनी मोडायचा असतो, टेरेन वर्षानुवर्षे उचलायचे आणि ठेवायचे असते, म्हणून ओल्या मातीचे वजन आणि भेगा चालत नाहीत. तिसरा फरक हाताचा. किल्ल्यावर मावळे एकदाच मांडले जातात, टेबलावर ते दर पाळीला हलतात, म्हणून प्रत्येक माचीवर बोटांना जागा हवी.

कायदा, हवामान आणि छापील टेरेन

महाराष्ट्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारची बंदीही लागू झाली. त्यामागचे कारण खरे आहे. थर्माकोल कुजत नाही आणि त्याचे मणी नाल्यांत, समुद्रात जातात. म्हणून टेरेनसाठी नवा थर्माकोल विकत घेऊ नये. दूरदर्शन संच किंवा फ्रिज यांच्या खोक्यांतून वेष्टन म्हणून घरात येतोच, तो वापरावा. वीस वर्षे खेळात राहिलेला तुकडा कचऱ्यात गेलेल्या तुकड्यापेक्षा बरा. कापताना पडलेले मणी मात्र झाडून, पिशवीत भरून ठेवावेत आणि पुढच्या टेकडीच्या पोटात घालावेत.

पावसाळा हा दुसरा विचार. कोकणात आणि मुंबईत चार महिने हवेत ओल असते. पुठ्ठा सैल पडतो, चोथ्याला आणि भुशाला बुरशी येते, कणकेच्या खळीला कसर लागते. म्हणून आपल्याकडे खळ टाळावी, सगळीकडून रंगाचे कवच द्यावे आणि शेवटी वॉर्निशचा हात मारावा.

त्रिमिती छपाईमुळे हातकाम संपले का, असे अनेक जण विचारतात. दारे, खिडक्या, पिंपे, तोफा अशा छोट्या आणि एकसारख्या वस्तू छापाव्यात, त्यात यंत्राला तोड नाही. टेकडी किंवा कडा छापायला मात्र दिवसचे दिवस जातात आणि प्लॅस्टिकही पुष्कळ लागते. तेच काम कटरने एका संध्याकाळी होते. लेझरने कापलेल्या एमडीएफच्या घरांचेही तसेच आहे. नेमक्या सरळ कडांना ती उत्तम, ओबडधोबड निसर्गाला नाही. मोठे हाताने आणि बारीक यंत्राने, ही वाटणी सध्या सर्वांत किफायतशीर आहे.

खरी किंमत कोणती

साहित्याचा खर्च आटोक्यात आला की दोन खर्च उरतात, वेळ आणि जागा. वेळेचा खर्च टाळता येत नाही, पण वाटून घेता येतो. चार जणांनी एका रविवारी बसून एकाने कापणे, दुसऱ्याने चिकटवणे, तिसऱ्याने वाळू आणि चौथ्याने रंग असे केले, तर आख्खे टेबल उभे राहते. काम एकेका वस्तूचे न करता टप्प्याटप्प्याने करावे. सगळ्या भिंती आधी कापाव्यात, मग सगळ्या रंगवाव्यात.

जागेचा विचार पहिला कटर उचलण्याआधी करावा. दोन खोल्यांच्या घरात टेरेन ठेवायला एक खोके मिळते, तेव्हा त्या खोक्याची मापे घेऊनच आकार ठरवावेत. टेकड्यांचे थर सुटे ठेवले तर ते एकावर एक बसतात. दोन भिंतींच्या पडक्या घरांची चळत होते. झाडे बैठकीतून उपटता आली तर निम्मी जागा वाचते. ज्यांना सहा फुटांचे टेबलच शक्य नाही त्यांनी ‘फ्रॉस्टग्रेव्ह’सारखा खेळ निवडावा. २०१५ मध्ये आलेला हा खेळ तीन फूट बाय तीन फुटांवर, प्रत्येकी दहाएक मूर्तींत होतो आणि त्याला पडकी घरे भरपूर लागतात. पुठ्ठ्याला याहून चांगले काम नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. स्वस्तात टेरेन होते का? होते, आणि खेळात काहीही उणे पडत नाही. उणे पडते ते बारकाव्यात: कोरीव खांब, नक्षीदार कमानी, एकसारख्या खिडक्या. नजर, चाल, आडोसा आणि उंची या चारही बाबतींत पुठ्ठ्याची भिंत आयात केलेल्या भिंतीच्या बरोबरीची आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर धारदार पाती, चांगले चिकटद्रव्य आणि वॉर्निश यांवर करावेत, कारण यांत केलेली काटकसर पुढे दुप्पट भरावी लागते. बाकी सारे घरात, अंगणात आणि भंगारात मिळते.

वाचकांना एकच विनंती. या दिवाळीत मुलांनी किल्ला केला, तर तो मोडण्याआधी त्याच्या माच्यांची आणि तटाची मापे वहीत उतरवून घ्या. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी घरातले एक रिकामे खोके, कटर आणि मूठभर वाळू घेऊन मुलांसोबत बसा आणि त्यातली एक माची टेबलावर पुन्हा उभी करा. पहिल्या टेकडीला एवढे पुरे आहे.